सिरॉसिसमधला पोर्टल दाब: कशाने चढतो, कशाने उतरतो आणि घरच्यांनी काय करायचं

अण्णांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटच्या ओळीत ‘पोर्टल हायपरटेन्शन’ असं लिहून आलं, तेव्हा मी कपाटातलं बीपीचं मशीन काढलं. ११८/७४. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघितलं, जवळपास तेवढंच. बीपी तर उत्तम आहे, मग हायपरटेन्शन कसलं? रिपोर्ट चुकला असेल असं समजून आम्ही तो फाईलला लावला आणि नेहमीच्या साखरेच्या गोळ्या चालू ठेवल्या. दोन महिन्यांनी पहाटे अण्णांना रक्ताची उलटी झाली.

हाताला पट्टा बांधून मोजतात तो दाब वेगळा आणि हा वेगळा, एवढं एक वाक्य जरी कुणी त्या दिवशी सांगितलं असतं तरी आम्ही वेळेत योग्य डॉक्टरांकडे गेलो असतो. तुमच्या घरात नुकतंच सिरॉसिसचं, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होण्याच्या आजाराचं निदान झालं असेल तर तुमचे दोन महिने असे वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. सहा वर्षं अण्णांची फाईल, गोळ्या आणि स्वयंपाक सांभाळला, आणि त्यांच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना भंडावून सोडून जे समजून घेतलं ते पायरीपायरीने मांडते.

पायरी १: हा दाब नेमका कुठला, ते समजून घ्या

जठर, आतडी आणि प्लीहा यांतलं रक्त परस्पर हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेत गोळा होतं आणि तिथून लिव्हरमध्ये शिरतं. लिव्हरला मिनिटाला साधारण सव्वा ते दीड लिटर रक्त मिळतं आणि त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश या एकाच शिरेतून येतं. निरोगी लिव्हर मऊ असतं, त्यामुळे एवढं रक्त अगदी कमी दाबाने झिरपून पलीकडच्या शिरांमधून हृदयाकडे निघून जातं.

शेताला पाणी देणाऱ्याला पुढचं लगेच कळेल. पाटाचं दार अर्धं बंद झालं की पाणी मागे तुंबतं आणि बांध जिथे कच्चा असेल तिथून फुटून निघतं. सिरॉसिसमध्ये लिव्हरभर व्रण आणि गाठी तयार झालेल्या असतात, हे ते अर्धं बंद दार. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या आतल्या नाजूक शिरा म्हणजे कच्चा बांध. त्या फुगतात, त्यांना व्हेरायसेस म्हणतात. मागे तुंबल्यामुळे प्लीहा वाढते, तिच्यात प्लेटलेट अडकून राहतात आणि रक्ताच्या तपासणीत त्यांचा आकडा घसरतो. पोटात पाणी होतं तेही मुख्यतः याच दाबामुळे.

दाब ठरतो दोन गोष्टींवर: दारात अडथळा किती आणि मागून पाणी किती येतंय. पुढची प्रत्येक सूचना या दोनपैकी कशाला तरी हात घालते, म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. अडथळ्याचा साधारण ७० टक्के भाग व्रण आणि गाठींचा, म्हणजे पक्का असतो. तो सुटायला महिने-वर्षं लागतात. उरलेला सुमारे ३० टक्के भाग लिव्हरमधल्या बारीक वाहिन्या आवळल्यामुळे येतो आणि तो हलता असतो. औषध, दारू, संसर्ग यांचा परिणाम या हलत्या भागावर लवकर दिसतो. दुसरीकडे, आजार वाढत जातो तशा आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि पोर्टल शिरेत उलट जास्तच रक्त येऊ लागतं. दार अर्धं बंद, त्यात धरणातून आवर्तन सोडलेलं.

पायरी २: फाईल काढा आणि चार आकडे शोधा

थेट मोजलेला दाब फार थोड्या रुग्णांच्या फाईलमध्ये सापडतो, कारण ती तपासणी मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच होते. तिला एचव्हीपीजी म्हणतात. निरोगी माणसात हा आकडा १ ते ५ मिलिमीटर मर्क्युरी असतो. ५च्या वर गेला की पोर्टल हायपरटेन्शन. १० किंवा अधिक झाला की व्हेरायसेस, पोटातलं पाणी अशा गुंतागुंतीची शक्यता वाढते. १२च्या वर गेला की फुगलेली शीर फुटू शकते. रक्तस्राव चालू असताना तो २० किंवा त्याहून जास्त भरला तर स्राव आटोक्यात आणणं कठीण जातं.

बहुतेकांना अंदाजावर काम भागवावं लागतं, आणि हा अंदाज चांगला असतो. त्यासाठी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) मधला किलोपास्कलचा आकडा, प्लेटलेट, सोनोग्राफीतला प्लीहेचा आकार आणि एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, व्हेरायसेस दिसल्या का, एवढं हुडका. पोर्टल हायपरटेन्शनवरच्या २०२१च्या बव्हेनो परिषदेतल्या तज्ज्ञांनी ठरवलेली सीमा अशी: फायब्रोस्कॅन १५च्या आत आणि प्लेटलेट दीड लाख किंवा जास्त असतील तर धोकादायक दाब (वर सांगितलेला १० किंवा अधिक) बहुधा नाही, हिपॅटायटिस किंवा दारूमुळे झालेल्या आजारात फायब्रोस्कॅन २५ किंवा वर असेल तर तो आहेच असं धरायचं. लठ्ठपणा आणि फॅटी लिव्हर असेल तर मात्र २५चा हा नियम तितका नेमका बसत नाही, तिथे प्लेटलेटकडे जास्त लक्ष देतात. अण्णांच्या प्लेटलेट ८२ हजार होत्या आणि प्लीहा साडेपंधरा सेंटीमीटर. दोन्ही आकडे त्याच रिपोर्टांवर छापलेले होते. आम्हाला वाचता येत नव्हते.

फायब्रोस्कॅनला उपाशीपोटी जा, किमान तीन तास. जेवणानंतर लिव्हरकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा फुगतो.

पायरी ३: मूळ कारणाचा बंदोबस्त

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण पक्का अडथळा कमी व्हायला दुसरा रस्ता नाही. दारू असेल तर ती पूर्ण बंद, आजपासून. दारू प्यायल्यावर थोड्याच वेळात पोर्टल दाब चढतो आणि सोडल्यावर काही महिन्यांत तो उतरताना दिसतो. ‘एखादा पेग’ किंवा ‘फक्त बीअर’ हा हिशोब सिरॉसिसमध्ये चालत नाही. एकदम सोडताना हातपाय थरथरणं, भ्रम होणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना सांगून सोडा.

हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर त्याची औषधं आहेत, आणि विषाणू आटोक्यात आला की अनेकांचा दाब वर्षभरात खाली येतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८पासून ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आमच्या अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. त्यांचा सिरॉसिस मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून आला. तरी ओपीडीत, लग्नात, सोसायटीच्या जिन्यात लोक पहिला प्रश्न विचारायचे, ‘घ्यायचे का?’ आई ते ऐकून रडायची. तुमच्याही घरी हे होईल. आणि जे खरोखर पीत होते त्यांच्या घरच्यांनाही हा प्रश्न तितकाच लागतो. अशा वेळी रुग्णाच्या बाजूने उभे राहा. लाजेपोटी तपासणी लांबवणारे लोक मी वॉर्डात पाहिले आहेत.

मधुमेह आणि लठ्ठपणा असणाऱ्यांसाठी इथे खरोखर करण्यासारखं काही आहे. स्पेनमध्ये सिरॉसिस असलेल्या वजनदार रुग्णांना १६ आठवडे आहार आणि देखरेखीखालचा व्यायाम दिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजन सरासरी पाच किलो उतरलं आणि पोर्टल दाबही मोजण्याइतका कमी झाला. ज्यांचं वजन दहा टक्के उतरलं त्यांचा दाब जास्त उतरला. पोटात पाणी असेल किंवा दंड-मांड्या सुकल्या असतील तर मात्र वजन उतरवायच्या मागे लागू नका. तिथे उलट खायला घालायचं असतं.

पायरी ४: स्वयंपाकघर आणि दिनक्रम

मिठापासून सुरू करते, कारण घरात सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, पोर्टल शिरेकडे येणारा लोंढा वाढतो आणि पोट भरतं. पोटात पाणी असेल तर दिवसाला सगळं मिळून साधारण पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचाही पूर्ण नाही. आम्ही पहिल्या महिन्यात एक युक्ती केली. सकाळी अण्णांच्या वाट्याचं मीठ औषधाच्या छोट्या डबीत काढून ठेवायचं आणि त्यांच्या भाजी-आमटीत दिवसभर फक्त त्या डबीतलं घालायचं. संध्याकाळी सहा वाजता डबी रिकामी दिसली तेव्हा आईला पहिल्यांदा कळलं की पूर्वी किती जात होतं. आणि डबीत नसलेलं मीठ वेगळंच: पापड, लोणचं, फरसाण, बेकरीची खारी, शेंगदाण्याची चटणी, सुके बोंबील, सुकट. पोळीच्या कणकेतलं मीठ आम्ही बंदच केलं. लिंबू, कोकम, जिरं, लसूण, ओवा यांनी बरंच भागतं.

दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, ते विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. पोटातल्या पाण्यासाठी देतात त्या स्पायरोनोलॅक्टोन गोळीनेही पोटॅशियम वाढतं. दोन्ही मिळून हृदयाला धोका होतो.

पोटात पाणी नसेल तर मिठावर एवढा कडक पहारा लागत नाही. अळणी जेवणाने माणूस खाणंच सोडतो आणि ते जास्त वाईट. याचा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्या.

दुसरी गोष्ट जेवणाची मात्रा. जेवणानंतर आतड्यांकडे रक्त धावतं, त्यामुळे पोर्टल दाब तात्पुरता चढतो. जेवण जितकं भरगच्च तितका जास्त. म्हणून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. रात्री झोपताना काहीतरी नक्की द्या: मूठभर फुटाणे, दूध-पोहे, नाचणीची खीर. सिरॉसिसमध्ये रात्रभराचा उपास स्नायू खातो. संकष्टी आणि एकादशीचे उपास आम्ही अण्णांना देवासमोर बसून सोडायला लावले.

प्रथिनं कमी करा, डाळ बंद करा, असा सल्ला अजूनही नातेवाईक देतात. ऐकू नका. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. डाळी, दूध, दही, पनीर, अंडी चालतात. मासे खाणाऱ्यांनी खावेत, पण तिसऱ्या, कालवं अर्धकच्ची कधीच नाहीत, नीट उकळलेलीच. समुद्री शंख-शिंपल्यांत असणारा एक जिवाणू सिरॉसिसच्या रुग्णाचा जीव घेऊ शकतो.

मग पोटावर येणारा जोर. कुंथणं, जड उचलणं, खोकल्याची उबळ यांनी पोटातला दाब क्षणात वाढतो आणि फुगलेल्या शिरांवर ताण येतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. लॅक्टुलोजचं सिरप दिलं असेल तर दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होईल इतकं घ्यायचं; ते साफ ठेवण्याबरोबर सिरॉसिसमध्ये होणारा डोक्याचा गोंधळही टाळतं. गॅसची टाकी, पाण्याचा हंडा रुग्णाने उचलायचा नाही. चालणं मात्र चालू ठेवा. दम लागेपर्यंत केलेला व्यायाम त्या वेळेपुरता दाब चढवतो, पण बोलत बोलत होईल असं रोजचं चालणं हिताचं असतं. अण्णा सकाळी कॉलनीला चार फेऱ्या मारायचे.

रोज सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी वजन घ्या आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्न नव्हे, पाणी. भेटीच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

संसर्गाबद्दल थांबून सांगते, कारण हे कारण घरच्यांच्या लक्षात येत नाही. शरीरात जिवाणूंचा संसर्ग झाला की लिव्हरमधल्या वाहिन्या आणखी आवळतात, दाब चढतो आणि शीर फुटण्याचा धोका वाढतो. पोटातल्या पाण्यातही संसर्ग होतो. तेव्हा ताप फार नसतो, नुसती कणकण, पोटदुखी किंवा माणूस विसरल्यासारखा वागतो. सिरॉसिसच्या रुग्णात ‘व्हायरल असेल, बघू दोन दिवस’ चालत नाही. त्याच दिवशी दाखवा. फ्लू, न्यूमोनिया आणि हिपॅटायटिसच्या लसींबद्दलही विचारून घ्या.

पायरी ५: गोळ्या, हव्या त्या आणि नको त्या

प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या गोळ्या दिल्या असतील तर ‘बीपी तर नॉर्मल आहे’ म्हणून बंद करू नका. त्या पोर्टल दाबासाठी आहेत. आतड्यांकडून येणारा रक्ताचा लोंढा त्या कमी करतात. कार्व्हेडिलॉल लिव्हरमधल्या आवळलेल्या वाहिन्याही थोड्या सैल करते. प्रोप्रॅनोलॉलचा हा उपयोग फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९८१ साली दाखवला. कार्व्हेडिलॉल साधारण ६.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून सोसेल तसं १२.५पर्यंत नेतात. दमा असेल तर आधीच सांगा. मधुमेह असेल तर लक्षात ठेवा की साखर एकदम उतरल्यावर होणारी धडधड या गोळ्यांमुळे जाणवत नाही.

घरचं बीपीचं मशीन इथे उपयोगी पडतं. वरचा आकडा ९०च्या खाली गेला, नाडी ५०च्या खाली गेली किंवा लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टरांना कळवा. गोळी कमी करायची की थांबवायची ते त्यांनी ठरवायचं. आपल्या मनाने एका दिवसात तोडली तर दाब उसळी घेऊ शकतो.

नको त्यांत पहिला नंबर अंगदुखीच्या गोळ्यांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची मेडिकलमधून सहज मिळणारी मिश्रणं जठरात रक्तस्राव घडवतात, किडनीला मारतात आणि पोटातलं पाणी वाढवतात. गुडघे दुखतात म्हणून इंजेक्शन मारणाऱ्या शेजारच्या दवाखान्यातही सिरॉसिस आहे हे आधी सांगा. दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून. पित्ताच्या गोळ्याही वर्षानुवर्षं सवयीने घेऊ नका. सिरॉसिसमध्ये त्यांचा संसर्गाशी संबंध दिसला आहे.

आणि काढे. लोक प्रेमाने आणून देतात, नाही म्हणणं कठीण जातं. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनीच वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. आधीच जखमी असलेल्या लिव्हरवर प्रयोग नको. माझा आग्रह आहे, ‘लिव्हर टॉनिक’सुद्धा तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नका.

पायरी ६: रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण रक्ताची शौच चिकट, चकचकीत आणि विलक्षण दुर्गंधीची असते. शंका आली तरी निघा. महाराष्ट्रात १०८ला फोन करा. रुग्णाला कुशीवर झोपवा, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका, फाईल उचला आणि दारातच सांगा, ‘सिरॉसिस आहे, व्हेरायसेस आहेत.’ या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरते: शिरांकडचा रक्तप्रवाह कमी करणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि साधारण बारा तासांत एंडोस्कोपीतून बँडिंग, म्हणजे फुगलेल्या शिरेला रबराचं कडं बांधणं.

त्या पहाटे मी इमर्जन्सीच्या दारात डॉक्टरांशी भांडले. अण्णांचं हिमोग्लोबिन ७.४ होतं आणि ते रक्त चढवत नव्हते. मला वाटलं, हयगय करताहेत. नंतर कळलं की ते बरोबर होते. रक्त जास्त चढवलं की पोर्टल दाब पुन्हा चढतो आणि बंद झालेला स्राव सुरू होऊ शकतो. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी २०१३ साली हे दाखवून दिलं, आणि तेव्हापासून बहुतेक रुग्णांत हिमोग्लोबिन ७च्या खाली गेल्यावरच रक्त देऊन ते ७ ते ८च्या दरम्यान ठेवतात. त्यामुळे ‘दोन बाटल्या तरी चढवा’ असा हट्ट धरू नका.

पायरी ७: दाब मोजायला सांगितलं तर

घाबरू नका. मानेची तेवढी जागा बधिर करून तिथल्या शिरेत बारीक नळी सरकवतात आणि क्ष-किरणांखाली ती लिव्हरच्या शिरेपर्यंत नेतात. आधी मोकळ्या शिरेतला दाब घेतात. मग नळीच्या टोकाचा छोटा फुगा फुगवून शीर अडवतात आणि पुन्हा दाब घेतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की एचव्हीपीजी. वजाबाकीमुळे एक सोय होते: पोटात पाणी भरल्याने दोन्ही आकडे वाढलेले असले तरी फरक खरा निघतो. गाढ झोपेचं इंजेक्शन दिलं तर आकडा भरवशाचा राहत नाही, म्हणून रुग्ण बहुधा जागाच असतो. अण्णा म्हणाले, मानेत कुणीतरी बोट टेकवून उभं असल्यासारखं वाटलं. आकडे आले २६ आणि ९. म्हणजे १७.

एक मर्यादा जाणून घ्या. पोर्टल शिरेतच गुठळी झाली असेल तर अडथळा लिव्हरच्या अलीकडे असतो आणि तो या मापनात दिसत नाही. म्हणून दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही. तिच्यात गुठळीही कळते आणि कर्करोगाची शंका असलेली नवी गाठही.

औषधाने आकडा १२च्या खाली आला किंवा मूळच्या पाचव्या हिश्शाने उतरला तर रक्तस्रावाचा धोका बराच घटतो. तेवढा उतरला नाही आणि त्रास वाढतच राहिला तर लिव्हरमधून जाळीची नळी घालून रक्ताला आडवाट करून देणारी टिप्स नावाची प्रक्रिया असते, आणि काहींच्या बाबतीत प्रत्यारोपणाचा विचार लवकर सुरू करावा लागतो.

पुढच्या भेटीला जाताना वहीच्या पहिल्या पानावर हे प्रश्न लिहून न्या. यांच्या सिरॉसिसचं कारण कोणतं आणि त्यावर आत्ता काय चालू आहे? धोकादायक पोर्टल दाब आहे असं धरायचं का? दाबाची गोळी द्यायची का, आणि नसेल तर का नाही? एंडोस्कोपी कधी झाली, पुढची कधी? मीठ किती, पाणी किती? आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा, तो नंबर तिथेच बसून लिहून घ्या.